अळणी शीरचाय

"आई, ह्या चहात मीठ कुठंय?" अलीनजरने पेला खाली ठेवून तोंड वाकडं केलं.

"घातलंय की! त्या गोळ्यांनी तुझी जीभ बिघडलीय," बख्तमो म्हणाली आणि त्याच्या शीरचायमध्ये, त्या दुधाच्या खाऱ्या चहात, लोण्याचा आणखी एक गोळा सोडला.

"गाढवालासुद्धा मिठाचा खडा मिळतो गं."

"गाढव एवढं बोलत नाही. पी."

तो हसला आणि चहात रोटी कुस्करून खाऊ लागला. मीठ तिने घातलंच नव्हतं.

अलीनजर डोंगरातल्या घाटांतून खोरोगहून मुरगाबला ट्रक न्यायचा. मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या ग्रंथीत त्याला गाठ झाली होती. मनाला येईल तेव्हा ती रक्तात काहीतरी सोडायची. मग डोकं फुटायला यायचं, अंगाला घाम सुटायचा आणि छाती धडधडायची. एकदा तर नदीच्या कडेला ट्रक कसाबसा थांबवून तो स्टिअरिंगवरच पडून राहिला होता. म्हणून घरची सगळी राजधानीत, दुशांबेला, नातेवाइकांकडे उतरली होती. गाठ दुर्बिणीतून काढायची असं डॉक्टरांनी ठरवलं, पण आधी अंगाची तयारी हवी म्हणाले. गोळ्या, भरपूर पाणी, भरपूर मीठ.

सून नेकबख्तने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा बख्तमोचा विश्वासच बसला नाही. तिचा नवरा प्रेशरनेच गेला होता, चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडला होता. मिठाने घात केला, असं गावच्या दवाखान्यातला माणूस म्हणाला होता. तिच्याच हातचं मीठ ते. पोरीने ऐकण्यात काहीतरी घोटाळा केला असणार, असं तिला वाटलं. "चहाचं आणि शुरब्याच्या रश्श्याचं मी बघते," ती सुनेला म्हणाली, "तू औषधांचं बघ." सुनेलाही बरंच वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. त्यांनी अलीनजरचं प्रेशर आधी झोपवून मोजलं, मग उभं करून. उभा राहताच तो झोकांडला आणि त्याने खाटेची कड धरली.

"जरा जास्तच उतरतंय. मीठ-पाणी नीट चाललं होतं ना?"

"हो डॉक्टर," नेकबख्त म्हणाली. "आईंच्या हातचा खारा शीरचाय आणि खारा शुरबा. रोज."

बख्तमो खिडकीबाहेर बघत राहिली.

"मग ठीक. नीट ऐका, बाई," डॉक्टरीणबाई नेकबख्तला म्हणाल्या. "भोकं लहान, म्हणून ऑपरेशन लहान असं समजू नका. पोटात हवा भरली, गाठीला नुसतं औजार लागलं, तरी प्रेशर कड्यावर चढेल. त्याला माझ्याकडे औषध आहे. मला भीती आहे ती पुढची. गाठीची शीर बांधली की तेच प्रेशर दगडासारखं खाली येतं. त्या वेळी शिरा मीठ-पाण्याने भरलेल्या असल्या तर माणूस तगतो. रिकाम्या असल्या तर सावरणं फार कठीण. आणि रक्त सुटलंच तर दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं."

"पण शिरा भरलेल्या आहेत ना?"

"तुम्हीच तर सांगितलंत."

बख्तमो मनात हिशेब करू लागली. दुर्बिणीचे सर्जन परगावचे होते, शुक्रवारी परत जाणार होते. पुन्हा कधी येतील कोण जाणे. बोलावं तर ऑपरेशन राहतं आणि गाठ पोटात. उद्या घाटात झटका आला तर? न बोलावं तर पोरगा आत जातो रिकाम्या अंगाने, तिच्या हातच्या अळणी चहावर. कुठूनही तीच मारणार होती त्याला.

स्ट्रेचर हललं. अलीनजरने मान वळवली. "आई, असं तोंड करू नकोस. घाट उतरायचाय फक्त. ब्रेक तपासलेत."

ते ऐकलं आणि तिने धावत जाऊन स्ट्रेचरचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"थांबा! त्याने मीठ खाल्लेलं नाही. मीच घातलं नाही. त्याच्या बापाला मिठाने नेलं, डॉक्टर, मी कशी घालणार होते? नका नेऊ त्याला."

नेकबख्तने सासूकडे पाहिलं. मग ती नवऱ्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा प्रेशर घेतलं, आत जाऊन सर्जनशी बोलून आल्या. "आज नाही. सलाइन लावू, मीठ चालू करा. गुरुवारी बघू. शिरा भरल्या तर करू. नाहीतर सर्जन पुन्हा येईपर्यंत थांबा, आणि तोवर झटका आला तर..." त्यांनी बख्तमोचे हात दांड्यावरून सोडवले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ता सांगितलंत, ते चांगलं केलंत."

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात बख्तमोने दूध-चहा उकळला. मीठ घालताना अर्धं शेगडीवर सांडलं. तिने पुन्हा चिमूट घेतली, आणि आणखी एक.

अलीनजरच्या हाताला सलाइनची सुई होती. तिने पेला त्याच्या ओठांना लावला. त्याने घोट घेतला आणि थोडा वेळ तोंडात धरून ठेवला.

"म्हणजे माझी जीभ बिघडली नव्हती," तो म्हणाला.

"नाही रे."

त्याच्या कपाळावर घाम फुटायला लागला होता. तो चहाचा की गाठीचा, ते तिला कळेना. तिने ओढणीने तो पुसला. पुन्हा फुटला. नेकबख्त नर्सला बोलवायला धावली.

"पी," बख्तमो म्हणाली, "पी माझ्या राजा," आणि पेला तसाच धरून राहिली.