टेकाडावरची हाक

इंद्रजित होडी बांधतोय म्हटल्यावर पिंपळवाडीच्या लोकांना हसायला चांगलं कारण मिळालं. नौदलात पंधरा वर्षं काढून गडी गावाकडं आला, तेव्हा लोकांनी धरलं होतं की हा आता ट्रॅक्टर घेईल, नाहीतर सोनारीच्या रस्त्याला हॉटेल टाकील. यानं शेळ्यांच्या शेडमध्ये प्लायवूड आणून टाकलं आणि आठ महिने तासत, घासत, चिकटवत बसला. पण धरणाच्या पाण्यावर पांढरं शीड उभं राहिलं तेव्हा हसणारे गप्प झाले. होडीला इंजिन नव्हतं. वाऱ्यावर जायची, वाऱ्यावर यायची. पुढच्या अंगाला त्यानं लेकीचं नाव रंगवलं होतं, हर्षाली.

सत्यभामाचं घर गावाच्या टोकाला, अगदी पाण्याजवळ. अंगणात उभं राहिलं की समोर मैलभर पाणी आणि पाण्याच्या मधोमध मेंढक्याचं टेकाड. धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा त्या टेकाडावर एक मेंढका मेंढरांसकट अडकला आणि तिथंच मेला, असं सांगत. तेव्हापासून तिकडून हाक येते आणि त्या हाकेला ओ देणारा माणूस वाचत नाही, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. मासे धरणारे पार लांब, भिंतीच्या अंगाला जाळी टाकत. टेकाडाच्या वाटेला कुणी जात नसे.

जात असे तो एकटा उत्तरेश्वर, सत्यभामाचा नवरा. धरणात जमीन गेली तरी त्यांचं वरचं अर्धा एकर रान टेकाडावर कोरडं राहिलं होतं, त्यात सीताफळीची दहा-बारा झाडं. थर्माकोलचे तुकडे ताडपत्रीत गुंडाळून त्यानं तराफा केला होता. पोहायला येत नव्हतं, तरी जायचा. "माझ्या बापाचं रान हाय, मला कोण हाक मारतंय," म्हणायचा.

चार वर्षांपूर्वी, आश्विनात, तो पहाटेच्या एस.टी.नं पुण्याला जातो म्हणून पिशवी घेऊन निघाला. पुण्यात एका गोदामावर तो वॉचमन होता. दोन महिने तिकडं, पंधरा दिवस इकडं, असं त्याचं चालायचं. फोन बंद लागला तरी सत्यभामाला नवल वाटलं नाही, ड्यूटीवर तो बंदच असायचा. महिना सरता मुकादमाचा उलट फोन आला, की उत्तरेश्वर आलाच नाही. मग तक्रार झाली, फोटो लागले, पुण्याला दोन हेलपाटे झाले. शेवटी लोकांनी त्यांच्या मनानं ठरवून टाकलं की गडी कुणाचा तरी हात धरून गेला. त्यानंतरही सत्यभामा कपाळाला कुंकू लावी, पण लावताना आरशात बघत नसे.

यंदाची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारी इंद्रजित अंगणात आला. तो उत्तरेश्वरचा चुलतभाऊ, तिचा दीर. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "वहिनी, एक विचारू का? दादाकडं तराफा होता ना?"

"हुता. तवाच चोरीला गेला."

"काल म्या टेकाडाच्या पाठीमागून होडी काढली. तिथं बाभळीत एक तराफा अडकलाय. निळी ताडपत्री, अन् हिरव्या लुगड्याच्या काठानं बांधलेली."

सत्यभामाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तो काठ तिनंच फाडून दिला होता. घरात खाटेवर तिची सासू धुरपताबाई पडली होती. सत्यभामानं एकदा दाराकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भावजी, मला तिथं न्या. आताच."

होडीत बसायची तिची पहिलीच वेळ. इंद्रजितनं दोरी ओढली, शीड फडफडलं, मग एकदम पोट भरल्यासारखं फुगलं आणि होडी कलती होऊन सुटली. तिनं दोन्ही हातांनी कड धरली. वारा समोरून होता, म्हणून होडी सरळ न जाता नागमोडी चालली होती. टेकाड एकदा डावीकडं दिसे, एकदा उजवीकडं.

जाताना तिला ते सगळं आठवत होतं. उत्तरेश्वर गेल्यावर तिसऱ्या सांजेला, वारा पडल्यावर, तिकडून हाक आली होती. शब्द नव्हते कळत, नुसता लांब ओढलेला सूर. ती अंगणात भांडी घासत होती. धुरपताबाई आतून आली, तिच्या दंडाला धरून तिला घरात ओढलं आणि म्हणाली, "ओ देऊ नगं. कान झाक." सत्यभामानं दाराची कडी घातली. दुसऱ्या सांजेला पुन्हा तेच. गावातही सगळ्यांनी ऐकलं होतं. लोकांनी पोरं आत घेतली, कुणी उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई घरात पडली म्हणून ती ईट गावी, माहेरी गेली. आठ दिवसांनी परतली तेव्हा टेकाड गप्प होतं.

हे तिनं इंद्रजितला सांगितलं नाही. तो तेव्हा विशाखापट्टणमला होता.

होडी खडकाला लागली. तराफा तोच होता. वर चढताना पायाखाली उकललेल्या सीताफळांचा लगदा होत होता, त्यांना मुंग्या लागलेल्या. झाडांच्या पलीकडं एक मोठा खडक पुढं आला होता, खाली दोन माणसं बसतील एवढा आडोसा. इंद्रजित पुढं होता. तो थबकला आणि मागं न बघता त्यानं हात आडवा केला.

"वहिनी, तुमी नका येऊ."

ती त्याच्या हाताखालून पुढं गेली.

आधी तिला डबा दिसला. स्टीलचा, तिच्या लग्नातला, झाकणावर तिचंच नाव कोरलेला. शेजारी पिशवी, उंदरांनी कुरतडलेली. सीताफळाच्या बियांचा ढीग, सूपभर, काळाभोर, नीट एका बाजूला सारलेला. आणि आडोशाच्या आत, पाचोळ्यात, बाभळीच्या दोन काठ्या टॉवेलाच्या चिंध्यांनी एकमेकींना बांधलेल्या. त्या काठ्यांच्या मध्ये पायाचं हाड होतं.

इंद्रजित उकिडवा बसला. काठ्यांच्या गाठी त्यानं जवळून पाहिल्या. मग म्हणाला, "पाय मोडला असणार. झाडावरनं, न्हायतर खडकावरनं. स्वतःच बांधलाय. तवर तराफा सुटून पाठीमागं गेला."

"पुण्याच्या सायबाला सीताफळं न्यायची हुती त्यास्नी," सत्यभामा म्हणाली. "दरवर्षी न्यायचे. मला वाटलं, औंदा तसंच गेले यष्टीला."

"ह्या बिया एका दिसाच्या न्हाईत, वहिनी." तो बोलून गेला आणि बोलल्याचा त्याला पस्तावा झाला.

सांज उतरत होती. तेवढ्यात वारा पडला. शीड लोंबलं, पाणी आरशासारखं झालं. सत्यभामा आडोशात, जिथं तो बसला असेल तिथंच, गावाकडं तोंड करून बसली. आणि तिला ऐकू यायला लागलं. पाण्यावरून पिंपळवाडी जशीच्या तशी येत होती. गिरणीचा पट्टा. नळावर घागर ठेवल्याचा आवाज. कुणाच्या तरी पोराचं रडणं. शेजारच्या बजरंगच्या म्हशीचं हंबरणं. मग एक म्हातारा, घोगरा आवाज, "या, या, या, टी टी टी", कोंबड्या आत घेणारा. तो तिच्या अंगणातला होता. धुरपताबाईचा.

आवाज इतका जवळचा होता की तिनं मान वळवून मागं पाहिलं.

म्हणजे उत्तरेश्वरनंही इथून हे ऐकलं होतं. कोंबड्या आत गेल्या ते ऐकलं असणार. दार ओढल्याचं, कडी पडल्याचंही. ती जागची उठेना. इंद्रजितनं तिला धरून खाली आणलं. वारा आलाच नाही. त्यानं वल्हं मारत होडी काठाला नेली, आणि अख्ख्या वाटेत सत्यभामा टेकाडाकडं पाठ करून बसली होती, तरी तिला पाठीवर कुणीतरी बघतंय असं वाटत राहिलं.

काठाला लागताना ती म्हणाली, "भावजी, बियांचं कुणाला सांगू नका. पाय बांधल्याचं बी."

"पोलिसांना दिसंलच की."

"पोलिसांना दिसू द्या. गावाला नगं. घरात आत्याबाईला तर न्हायच."

पंचनामा झाला, हाडं तपासायला गेली. तीन महिन्यांनी कागद आला की तो उत्तरेश्वरच. सोनारीहून गुरुजी आले, दिवस घातले, गाव जेवून गेलं. तराफा उलटून लगेच गेला, असं लोक बोलले. एवढी वर्षं त्याच्या नावानं जे जे बोललं होतं ते त्यांनी गिळलं. हाकेचा विषय एकानंही काढला नाही. पंगतीत लोक एकमेकांकडं बघत, मग पत्रावळीकडं बघत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी सासवा-सुना अंगणात होत्या. धुरपताबाई भिंतीला टेकून बसली होती. अचानक म्हणाली, "सत्यभामा, किती दिवस जगला गं त्यो?"

"लगीच गेले, आत्याबाई. पाण्यातच."

"माझ्याशी खोटं बोलू नगं."

सत्यभामानं पदरानं तोंड पुसलं. "दोन दिवस असत्याल," ती म्हणाली. तिनं स्वतः दोनच सांजा ऐकल्या होत्या.

"दोन तू ऐकल्या. तू ईटला गेलीस. म्या सहा सांजा ऐकली." म्हातारीचा आवाज सपाट होता, बाजारहाट सांगावी तसा. "तुला नुसता सूर ऐकू आला. मला 'आये' ऐकू आलं. आवाज वळखला म्या. पहिल्याच सांजंला वळखला."

"मग?" सत्यभामाच्या तोंडून निघालं.

"पोरगा तर पुण्याला. मग हितं त्याच्या आवाजात कोण बोलतंय? माझ्या आयनं सांगितलेलं, ते आपल्याच लेकराच्या आवाजात बोलवतंय, तवाच माणूस फसतंय. जेवढा आवाज खरा, तेवढं त्ये खोटं. म्हणून म्या कानात कापूस घातला. सहाव्या सांजंला आवाज लई बारीक झाला, तवा म्हणलं, चला, टळलं एकदाचं."

सत्यभामाला ओरडावंसं वाटलं. म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तिची नजर कडी घातलेल्या स्वतःच्या हातांवर गेली आणि ते हात तिनं मांडीखाली दाबून धरले. समोर पाणी काळं होत गेलं, आणि टेकाडावरून काही म्हणजे काही आलं नाही.

त्या घरात मग राहवेना. फाल्गुनात त्यांनी ते बंद केलं आणि गावात, गिरणीला लागून असलेली एक खोली भाड्यानं घेतली. मुद्दाम घेतली. दिवसभर पट्ट्याची धडधड, भिंतींना पिठाची पांढरी बुरशी, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. इंद्रजित अजून होडी काढतो, पण टेकाडाच्या अंगाला नेत नाही. कारण विचारलं तर तिकडं वारा पडतो म्हणतो.

म्हातारी आता थकली आहे. ऐकायलाही कमी येतं. पण सांजेला, गिरणी ऐन जोरात असते तेव्हा, ती जेवता जेवता हात थांबवते, मान वर करते आणि म्हणते, "आले रं, आले." मग उठायला बघते.

सत्यभामा तिला कुणी हाक मारली ते विचारत नाही. शेजारी सरकून बसते आणि तिचं मनगट घट्ट धरून ठेवते, अंधार पडेपर्यंत.