वत्सलाच्या पानावरचा दोष

माझी बायको वत्सला वारली चतुर्थीच्या आधी. तिच्या बाहेरच्या लोकांना ते कळलं दिवाळीनंतर, आणि कळवलं ते जयरामनं. त्याच संध्याकाळी तो आमच्या डिचोलीच्या घरी आला, चपला बाहेर काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "भाऊ, वहिनी गेली म्हणान मी सगळ्यांका कळवलंय. लोकांका खूप वायट वाटला."

"तुका कोणी सांगितल्यान कळवूक?"

मी मुद्दामच कुणाला कळवलं नव्हतं. मालक नाही असं कळलं की वस्तूला हात लावणारे येतात, हे मी खाणीवर बघितलं आहे.

बाहेरचे लोक म्हणजे कोण ते सांगतो. देशोदेशीची माणसं मिळून संगणक चालवणारी एक प्रणाली बनवतात. ती कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी. वत्सला खाणीच्या ऑफिसात होती तेव्हा तिथे ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यांच्या तारा संगणकाला जोडणारं एक कार्ड होतं. त्या प्रणालीला ते ओळखता येत नव्हतं. वत्सलानं त्यासाठी ड्रायव्हर लिहिला, म्हणजे कार्डाशी कसं बोलायचं ते संगणकाला शिकवणारा प्रोग्राम. तो कसा वापरायचा ते सांगणारं पानही लिहिलं. पुढे खाणीनं दुसरी यंत्रं घेतली आणि ते कार्ड ती घरी घेऊन आली. नोकरी सुटली तरी ते काम तिनं सोडलं नाही. प्रणाली बदलली की ड्रायव्हर बदलायचा, पान बदलायचं. एक पैसा मिळत नसे. मी त्याच शिरगावच्या खाणीवर काट्यावर असतो, ट्रकांची वजनं घेतो. तिच्या त्या कामात मी कधी डोकं घातलं नाही.

जयरामचा बसस्टँडजवळ संगणकाचा क्लास आहे. शिवाय तो खाणींना प्रोग्राम विकतो.

"नवी आवृत्ती येता," तो म्हणाला. "वहिनीचो ड्रायव्हर आता अनाथ म्हणान लिवलोहा. खऱ्या कार्डार चालवून बघितलंय म्हणान कोणी कळवूक नाय, तर तो काढून टाकतले. मग वहिनीचा काय उरला नाय. कार्ड तुमच्याकडेच आसा. दोन दिवस दिशात?"

"बघूया," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. मी जिवंत असताना अनाथ कसा, हे मला रात्रभर पटेना.

दुसऱ्या दिवशी काट्यावर गोकुळदासला सांगितलं. तो माझ्याबरोबर पावत्या फाडतो.

"फुकट कोण काय करता रे?" तो म्हणाला. "जयराम पोदेराकडचे पावाचे उंडेसुद्धा दोनदा मोजून घेता. तो वत्सलावहिनीच्या नावासाठी पळता? कार्ड दी तेका, आणि मग ता बाजारात शोध."

घरी येऊन मी तिचा संगणक लावला. पान कसं उघडायचं तेवढं तिनं मला शिकवलं होतं. इंग्रजी मला सावकाश वाचता येतं. शेवटाला "दोष" असा एक भाग होता. त्यात लिहिलं होतं की वीज जाऊन आली की संगणकावर पहिल्यांदा आधीच्याच ट्रकचं वजन येतं. असं का होतं ते लिहिणारीला सापडलेलं नाही. ते वजन धरू नये, ट्रक उतरवून पुन्हा चढवावा.

माझं अंग तापलं. स्वतःच्या कामातली खोट कोण स्वतः जगाला सांगतो? ही ओळ ती गेल्यावर कुणीतरी घातली, तिला कमी दाखवायला. आणि त्याहून वाईट म्हणजे, ट्रक पुन्हा चढवायची युक्ती माझी होती. वीज गेली की पहिला ट्रक मी दोनदा चढवायचो, ट्रकवाल्याचं नुकसान होऊ नये म्हणून. मॅनेजरनं दम दिला होता की काटा चुकतो हे बाहेर बोलायचं नाही. मी ते फक्त वत्सलाला सांगितलं होतं, जेवताना. ओळ घालू शकणारा इथे एकटा जयराम. मग त्याला कसं कळलं? तिनं त्याला आणखी काय काय सांगितलं होतं?

मी तडक त्याच्या क्लासवर गेलो. मुलं बसली होती तरी थांबलो नाही, त्याच्याच संगणकावर तिचं पान उघडलं.

"ह्या तू लिवलंस?"

त्यानं पडद्यावर बघितलं आणि हसला. "मी? भाऊ, ह्या ओळीन माझा एक काम घालवला. एका खाणीर मी हाच ड्रायव्हर बसवणार होतंय. त्यांच्या सायबान ह्या वाचल्यान आणि माका चाय देऊन परत धाडल्यान. वहिनीक सांगितलंय, ही ओळ काढ. माका म्हणाली, ज्याच्या पानात दोष नाय, तेच्यार माझो इस्वास नाय."

म्हणजे विकायचा विचार होताच. गोकुळदास अगदीच चुकला नव्हता.

जयरामनं कोणती ओळ कुणी कधी घातली ते दाखवलं. तिचं नाव होतं, चार वर्षांपूर्वीची तारीख होती.

"तारीख काय, तू पण घालशीत."

"मग ही बगा." त्यानं दुसऱ्यांची पानं उघडली. जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी तसाच भाग. एकानं लिहिलं होतं की हा प्रोग्राम फार हळू चालतो, आणि त्याला कारण माझा आळस आहे. मागची एक मुलगी फस्सकन हसली.

मी खुर्चीत बसलो. ती एका माणसाशी बोलली असं धरून मी घरून आलो होतो. ती सगळ्यांशीच बोलली होती, चार वर्षं. वाचायला मी गेलो नव्हतो.

तरी कार्ड मी त्याला दिलं नाही. "रविवारी घरी ये," म्हटलं. "माझ्यासमोर कर काय ता."

रविवारी तो आला. ट्रक आणि काट्याच्या जागी कार्डाला खोटं वजन देणारी पेटी असते, ती मी खाणीवरून विचारून आणली होती. मी खोलीतून हललो नाही.

"चाय घेतंस?"

"घेतंय. पण तुमी उठलात तर कार्ड घेऊन पळान हां मी."

मी उठलो नाही. चहा राहिला.

ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर चालला. पेटीवर दहा टन लावले, पडद्यावर दहा आले. मी पेटीची वीज काढली, ती पंधरावर नेली, वीज दिली. पडद्यावर दहाच. दुसऱ्यांदा विचारल्यावर पंधरा.

"कार्ड ज्याचा, तेनीच कळवूचा लागता," जयराम म्हणाला. "तुमच्या नावान चार ओळी लिवा. दोषाचा नको लिवा, नुसता चालता म्हणान लिवा."

"कित्याक नको?"

"तुमच्याच भल्यासाठी सांगतंय. तुमी अजून काट्यार आसात. मॅनेजर वाचीत."

खरं असेल. किंवा पत्रात दोष नाही असं दाखवून पानावरची ओळ काढायची आणि त्याला पुन्हा कुठल्या खाणीवर जायचं असेल. दोन्हीही असेल. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, मला कळलं नाही.

मी दोषाशिवाय लिहिलं तर ते तिचं पान राहत नाही. दोषासकट लिहिलं तर खाली माझं नाव येतं, आणि शिरगावच्या काट्यावर कोण आहे ते तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काहीच लिहिलं नाही तर ड्रायव्हर जातो.

जयराम दोनदा विचारून गेला. मुदत लईराई देवीच्या वैशाखातल्या जत्रेपर्यंत आहे. चाचणी झाली आहे. पत्र मी अजून पाठवलेलं नाही.