पुतण्या, पाठ फिरव

१९७१ च्या वसंतात चॉन्जूच्या इस्पितळात डॉक्टर मा ग्यंग-सुकच्या हाताखाली शिकाऊ मुलांची पहिली तुकडी आली. "बाईमाणसाला पोरं आवरायची नाहीत," असं विभागप्रमुख प्राध्यापक प्यॉन म्हणतच होते. परीक्षेत एक जरी नापास झाला तर शिकवणं काढून घेणार, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं.

आणि एक नापास होणार हे ग्यंग-सुकला स्पष्ट दिसत होतं. प्यो मुन-सिक. हुशार, पण वडीलधाऱ्यांपुढे लोण्याचा गोळा. रोग्याच्या पाठीवर बोटांनी ठोकून फुप्फुसाभोवती पाणी कुठवर साचलंय ते ओळखायचं, तर हा दर ठोक्याला वाकून माफी मागे.

"अरे, ठोकतोयस की मांजराला गोंजारतोयस?"

"बाई, सत्तरीचे आजोबा आहेत. त्यांना ठोकू कसा?"

शेवटी खाटेवरच्या आजोबांनाच दया आली. "आडनाव काय रे तुझं?"

"प्यो, आजोबा."

"मीही प्योच. मूळ गाव?"

गाव एकच निघालं, म्हणजे कूळही एकच. मग नावातलं पिढीचं अक्षर कोणतं ते विचारून झालं. आजोबांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उतरला: कुळाच्या वंशावळीत हा पोरगा त्यांच्याहून एक पिढी वर होता. धडपडत गुडघ्यांवर बसून त्यांनी कपाळ गादीला टेकवलं.

"काका," ते म्हणाले, "ओळखलं नाही. चूक झाली."

सगळा वॉर्ड हसून लोळला. ग्यंग-सुक पडद्यामागे जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसली. हसू ओसरलं तसं तिच्या ध्यानात आलं, की प्रकरण आणखीच बिघडलंय. आता पुतण्या काकांकडे पाठ करीना, त्यांच्यासमोर अंग उघडं टाकीना.

"तूच हुकूम सोड," ती मुन-सिकला म्हणाली. "काका आहेस ना?"

"माझी जीभ झडेल, बाई."

"झडू दे. मला तुझी बोटं हवीत."

परीक्षेला प्राध्यापक आले, मागे सगळी पलटण. मुन-सिक आजोबांच्या खाटेपाशी उभा राहिला. त्याने डोळे मिटले आणि खेकसला, "पुतण्या, पाठ फिरव. सदरा वर कर."

प्राध्यापक लालबुंद झाले. "ही शिस्त लावलीत बाई तुम्ही? सत्तरीच्या माणसाला अरे-तुरे?"

"डॉक्टरसाहेब," सदरा मानेपर्यंत ओढत आजोबा म्हणाले, "आमच्या घरच्या बोलण्यात तुम्ही कशाला पडता? काका तपासताहेत. जरा गप्प बसा."

प्राध्यापकांना गप्प बसायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते बसले. त्या शांततेत मुन-सिकचे ठोके खणखणीत उठले. पोकळ, पोकळ, मग एकदम भद्द.

"इथून खाली पाणी."

प्राध्यापकांनी नेमकी तिथेच सुई घातली. पिवळसर पाणी आलं. "पास," ते पुटपुटले आणि घाईने बाहेर पडले. जाताना त्यांचे खांदे गदगदत होते.

ग्यंग-सुकने निवृत्त होईपर्यंत मुलं शिकवली. प्राध्यापक प्यॉन पुढे सोलला गेले, तिथल्या जेवणावळीत ही हकीकत तेच सर्वांत रंगवून सांगत. आजोबा बरे होऊन शेतावर परतले आणि मरेपर्यंत दर नववर्षाला काकांना तिळाच्या तेलाची बाटली धाडत राहिले. मुन-सिकने कुन्सान बंदरात दवाखाना काढला. तिथले कोळी म्हणत, माणूस देवाचा, पण हात फार जड.