घरी नसल्यास कोणाकडे द्यावे

सोमवारी सकाळी दहा वाजता हेमांगी दाबकेचं सांगलीतलं दोन खोल्यांचं घर मागच्या बाजूने लांबत गेलं आणि पाच खोल्यांचं झालं. प्रत्येक खोली आधीच्या खोलीपेक्षा अरुंद. मग बेल न वाजवता माणसं आत यायला लागली.

हेमांगीला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. गोधड्या विकणाऱ्या एका वेबसाइटचं नरसाळं ती गेली चार वर्षं सांभाळत होती. म्हणजे काय, तर वरून हजार माणसं ओतली की खाली किती पडतात आणि बाकीची कुठल्या पायरीवर गळतात, ते बघायचं. इतके दिवस हे पडद्यावरच्या आकड्यांत दिसायचं, आता माणसंच घरी आली, एवढाच काय तो फरक. तिने सगळ्यांना चपला दाराबाहेर काढायला लावल्या, स्वैपाकघरातलं स्टूल ओढलं आणि मोजायचं यंत्र हातात घेतलं.

पहिल्या खोलीत हजार जण शिरले. गोधड्यांच्या खोलीत पोचले चारशे. टोपली भरायच्या खोलीतून नव्वद जण पुढे सरकले, ते पत्ता लिहायच्या चौथ्या खोलीत आले. तिथून पैसे भरायच्या पाचव्या खोलीत जेमतेम तिघं गेले. जे गेले ते गेलेच, परत दिसले नाहीत. दार उघडलं नाही तर माणूस आठ सेकंद थांबतो आणि वळतो, हेही हेमांगीला पाठ होतं. नववा सेकंद कुणी देत नाही.

"ताई, चौथ्या खोलीत काय घोळ आहे हो?" पुण्याहून कौस्तुभचा फोन आला. कौस्तुभ तिचा साहेब, पण वयाने पंधरा वर्षांनी धाकटा. "सत्त्याऐंशी माणसं तिथून माघारी फिरतायत. शनिवारपर्यंत शोधा, नाहीतर वरचे लोक नरसाळंच बंद करणार आहेत."

"बघते," ती म्हणाली, आणि फोन ठेवून पुन्हा माणसं मोजायला लागली. चार वर्षांत तिच्या घरी सिलिंडरवाल्याखेरीज कुणी पाऊल टाकलं नव्हतं. आता रोज हजार. बोलत कुणी नव्हतं, पण बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला!

मंगळवारी तो दिसला. पन्नाशी उलटलेली, चौकड्यांचा शर्ट, काखेत निळी गोधडी. चौथ्या खोलीत त्याने कागदावर नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि पेन हवेत धरून उभा राहिला. मग गोधडी नीट घडी करून जागेवर ठेवली आणि निघून गेला. बुधवारी पुन्हा तेच. आलेला माणूस परत आला, असं तिच्याकडे पहिल्यांदाच घडत होतं. गुरुवारी ती केस विंचरून वाट बघत बसली. या वयात हे काय गं, असं स्वतःला दटावलं, पण टिकली मात्र नवी लावली.

तो आला तेव्हा ती त्याच्या खांद्यावरून डोकावली. शेवटचा रकाना होता: घरी नसल्यास पार्सल कोणाकडे द्यावे? तो भरल्याशिवाय दार उघडत नव्हतं.

"शेजाऱ्यांचं नाव टाका की," ती म्हणाली.

"जुने शेजारी गेले. नवे ओळखत नाहीत."

"नातेवाईक?"

"आहेत. नाव लिहावं इतके नाहीत."

हेमांगीने वळून पाहिलं. खोलीभर माणसं पेन धरून उभी होती आणि सगळ्यांचा तोच रकाना कोरा होता. तो रकाना काढून टाका, एवढं कौस्तुभला कळवलं की काम फत्ते. पण मग हा पाचव्या खोलीत जाणार, आणि तिथे गेलेला परत येत नाही. न कळवावं, तर शनिवारी नरसाळं बंद होऊन घरच आक्रसणार. इकडे आड, तिकडे विहीर. ती रात्रभर तळमळली.

शुक्रवारी ती त्याला म्हणाली, "माझं नाव लिहा. हेमांगी दाबके, तिसरा मजला. मी घरीच असते."

"नेहमी?"

"नेहमी."

त्याने सावकाश, सुवाच्य लिहिलं. "मग न्यायला यावं लागेल मला."

"या की. चहा टाकीन."

दार उघडलं, तो आत गेला, दार मिटलं. मागच्यांनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांनीही तिचंच नाव लिहिलं.

"ताई, कमाल केलीत!" कौस्तुभ फोनवर ओरडला. "नव्वदच्या नव्वद पार!"

शनिवारी पार्सलं आली. "बाई, सही करा," पार्सलवाला म्हणाला. "पत्त्यावर कुणीच सापडलं नाही. एकही नाही." रविवारी आणखी नव्वद आली, सोमवारी आणखी नव्वद. न्यायला कुणी आलं नाही. खोल्या छतापर्यंत भरल्या, मधे एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढी वाट राहिली. मंगळवारी नव्या माणसांना आत शिरायला जागाच उरली नाही, तेव्हा तीही यायची थांबली. हेमांगीने ढिगातून निळ्या गोधडीचं पार्सल शोधलं. वर त्याचं नाव होतं, मुकुंद लोंढे. पाचव्या खोलीत एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर ती पार्सल मांडीवर घेऊन बसली. तिला फार एकटं वाटत होतं.

दुपारी बेल वाजली. खोल्यांत आलेल्यांपैकी आजवर कुणी बेल वाजवली नव्हती.

"आले हो, थांबा!" ती ओरडली. गोधड्यांनी आवाज गिळून टाकला. ती पार्सल छातीशी धरून निघाली. चौथ्या खोलीत सवयीने तिने दोन सेकंद मोजले. तिसरीत तिरकी झाली, तेव्हा चार. दुसऱ्या खोलीत पार्सल ढिगाऱ्यात आडवं अडकलं. ते सोडलं असतं तर ती सुटली असती, पण मग त्याच्या हातात द्यायचं काय? तिने ओढलं. पाच. कोपर खरचटलं. सहा. पहिल्या खोलीत ती वाकली, तेव्हा दाराखालच्या फटीतून दोन चपला दिसल्या.

सात म्हणेपर्यंत त्यांतली एक हलली. काढण्यासाठी की वळण्यासाठी, ते तिथून कळत नव्हतं.

हेमांगीने आठ मोजलंच नाही.