सोनेरी खोका आणि साधी गोळी

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे, औषधाच्या गोळ्यांचा. अंगावर सोनेरी अक्षरं, कडेला निळी वेलबुट्टी. मला बघून माणसांची अक्कल कुठं चरायला जाते, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं अफूची सवय सोडवायच्या गोळ्या बनत. एकाच पिंपातली पावडर, एकच यंत्र, एकच बारीक पांढरी गोळी. त्यातल्या काही गोळ्या माझ्यासारख्या खोक्यांत बसायच्या आणि कंपनीच्या मोठ्या नावानं महाग विकल्या जायच्या. बाकीच्या साध्या चंदेरी पट्टीत, नुसत्या औषधाच्या नावानं, स्वस्तात बाहेर पडायच्या. गुण दोन्हींचा सारखाच. फरक काय तो पुठ्ठ्याचा.

पण हे सांगणार कुणाला? तो काळच तसा होता. नवनव्या कंपन्या आल्या होत्या, टीव्हीवर दिवसभर जाहिराती चालायच्या. बीडकडच्या आमच्या सिरसाळा गावातसुद्धा लोक सुटं तेल सोडून पिशवीतलं तेल मागायला लागले होते. वरचं वेष्टन भारी तर आतला माल भारी, असा सगळ्यांचा पक्का समज. अशा दिवसांत मी गुरुपादअप्पांच्या घरी येऊन पडलो.

अप्पांचा स्वतःचा ट्रक होता. कापसाच्या गाठी घेऊन ते पार गुजरातपर्यंत जायचे. थकवा जाणवू नये म्हणून ढाब्यावर कुणीतरी चहातून अफू दिली आणि मग ती सुटेना. एकदा माजलगावजवळ चालत्या गाडीत त्यांचा डोळा लागला आणि ट्रक उसात शिरला. जीव वाचला, पण त्यांच्या पत्नीनं, शिवकांताबाईंनी, गाडीची किल्ली आपल्या भावाच्या, संगमेशच्या, हवाली केली. अफू सुटल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती. गाडीवाचून अप्पा घरात बसून खंगत चालले होते.

मी यायच्या आधी बीडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रातून त्यांना ती चंदेरी पट्टी मिळाली होती. गोळी जिभेखाली ठेवा, आपोआप विरघळू द्या, गिळू नका, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण या घरात गोळी असो की काढा, सकाळच्या लिंगपूजेनंतर तीर्थाबरोबरच घ्यायची रीत. शिवकांताबाई अप्पांच्या तळहातावर गोळी ठेवायच्या, वर तीर्थ घालायच्या. अप्पा भक्तिभावानं ते सगळं घटकन गिळून टाकायचे. ही गोळी पोटात गेली की तिचा फारसा उपयोगच होत नाही. घाम, जांभया, पाय ओढणं, सगळं तसंच राहिलं आणि थोड्याच दिवसांत अप्पा पुन्हा ढाब्यावर दिसले. दोष कुणाला मिळाला? बिचाऱ्या गोळीला. स्वस्तातली म्हणून तिच्यात दम नाही, असं ठरून गेलं.

मग संगमेश त्यांना लातूरला एका खाजगी डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि येताना मला घेऊन आला. "दाजी, लई भारी औषध हाय," तो म्हणाला. "येक बी वाया घालू नका. जिभंखाली धरायची म्हणलेत." आता इतकं महागाचं औषध पाण्याबरोबर कोण गिळतो? अप्पा तीर्थ घेऊन, तोंड पुसून, भिंतीला टेकून बसायचे आणि गोळी जिभेखाली जपून धरायचे. अर्थातच गुण आला. आणि कौतुक कुणाचं झालं? माझं. मला देवळीत बसवलं, विभूती लावली. मला तर अगदी वीट आला.

पुढं गोळ्या संपल्या. संगमेशला पुन्हा तसा खोका परवडेना. शिवकांताबाई मला रिकाम्यालाच पिशवीत घालून एसटीनं बीडच्या केंद्रात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्यावरची बारीक अक्षरं वाचली. "बाई, औषध एकच आहे. आम्ही दिलेली गोळी तुम्ही कशी देत होता?" शिवकांताबाईंनी तळहात पुढं करून गोळीवर तीर्थ कसं घालतात ते दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "तीर्थ आधी द्या. तोंड रिकामं झालं की मग गोळी." शिवकांताबाई नवी चंदेरी पट्टी पदराला बांधून परत आल्या.

घरी अप्पांचं अंग मोडून आलं होतं. त्यांनी चंदेरी पट्टी बघितली मात्र, तोंड फिरवलं.

"ही न्हाई. ती सोनेरीतली आण."

"तिच्यात बी हेच औषध असतंय."

"तू कवापासून डॉक्टर झालीस?" असं म्हणून त्यांनी चपला पायात सरकवल्या. ते कुठं निघाले हे सांगायची गरज नव्हती.

शिवकांताबाईंनी मला उचललं, उभं फाडलं आणि चुलीत टाकलं. "आता सोनेरी न्हाईच. ही हाय. हितं माज्यासमोर बसा अन् जिभंखाली धरा. तीर्थासंगं गिळायला मीच लावलं, गोळीचा काय दोष? येवढी गोळी जिरू द्या. मग बी जावं वाटलं, तर मीच तुमाला ढाब्यावर सोडून येते."

अप्पा दचकून खाली बसले. बाई त्यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. चुलीवरचा चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळानं अप्पांचं कण्हणं थांबलं. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि भाकरी मागितली.

त्यानंतर ते नेमानं बीडला जात राहिले, तीच चंदेरी पट्टी घेत राहिले. संगमेशनं एक दिवस गाडीची किल्ली आणून त्यांच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, माझा एक तुकडा चुलीच्या कडेला पडून राहिला, म्हणून हे सांगू शकलो. हात जोडून विनवतो, खोका बघून औषधाला नावं ठेवू नका आणि खोका बघून त्याला डोक्यावरही घेऊ नका. ते कसं घ्यायचं हे डॉक्टरांना विचारा आणि सांगतील तसंच घ्या. माझी सोनेरी अक्षरं, माझी वेलबुट्टी, सगळं जळून गेलं. उरलेल्या तुकड्यावर आता फक्त किंमत वाचता येते.