पत्र्याला टेकलेली डोकी

वर्ना श्लेगेलच्या तळ्यातली अंडी सलग चौथ्या वसंतात सडली, तेव्हा तिने सवयीने धाकट्या भावाला, डेल्मरला, शिव्या घातल्या. त्याचा काही संबंध असेल असं तिला वाटत नव्हतं. पण शिव्या घालायला कुणीतरी लागतंच.

वडील गेल्यावर दोघांनी रान वाटून घेतलं होतं. मेपलची झाडं डेल्मरला, खालची खोलगट जमीन आणि तळं वर्नाला. मग मेपलचा रस उकळायच्या जुन्या गुऱ्हाळाचं छप्पर कुणाचं यावरून जुंपली. डेल्मरने रागाच्या भरात छपराचे पत्रे उतरवले आणि हद्दीवर हातभर खोल पुरून उभे केले. "तुझ्याकडचं गांडूळसुद्धा इकडे नको!" भाऊबंदकीला अक्कल नसते, हेच खरं.

वर्नाचा जीव त्या तळ्यात होता. बर्फ वितळलं की जमिनीखालून निळसर ठिपक्यांच्या सॅलॅमँडर, दिसायला पालीसारख्या पण बेडकांच्या नात्यातल्या, बाहेर पडायच्या आणि तळ्यात अंडी घालायच्या. वर्नाने लग्न केलं नव्हतं. पिल्लं पोहू लागली की तिला घर भरल्यासारखं वाटायचं.

पुढच्या मार्चमध्ये रूथ हालोनेन नावाची मुलगी सॅलॅमँडरच्या गणतीला आली. तळ्याकाठी पकडलेल्या सॅलॅमँडर तिने बादलीत ठेवल्या आणि डोकावून पाहिलं.

"वर्नाबाई, अकराच उरल्यात. आणि अकराच्या अकरा बायका."

"मग? बायकांचं काय अडतं?"

"फारसं नाही," रूथ हसली. "पिल्लं बहुतेक आईचीच नक्कल. पण अंड्याला जाग यायला जवळच्या दुसऱ्या जातीचा नर लागतो. तो तळाशी बीजाची पुडी ठेवतो, या उचलतात. आपल्याकडच्या मोठ्या सरोवरांभोवती अशा बायका पुष्कळ आहेत, पण नर असतील तिथेच. तुमच्याकडे पूर्वी ते यायचे कुठून? यंदाही आले नाहीत, तर यांच्यामागे कुणी उरणार नाही."

वर्नाने पत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरजच नव्हती.

दोन दिवस तिने नाक वर ठेवलं. तिसऱ्या दिवशी, अडला हरी म्हणत, भावाच्या नव्या गुऱ्हाळात शिरली. काहिलीत मेपलचा रस उकळत होता. सोडून गेला तर पाक करपणार, त्यामुळे डेल्मरला पळताही येईना.

"चार वर्षांनी आलीस. कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. मला तुझे नर हवेत."

डेल्मरचा झारा हातातच थांबला. "काय हवंय?"

तिने सगळं सांगितलं. तो आधी खो खो हसला, आणि मग एकदम त्याचा चेहरा उतरला.

"अगं, निळ्या ठिपक्यांचे ना? ते दर वसंतात सकाळी पत्र्याला डोकं टेकून बसलेले असतात. उन्हात वाळतील म्हणून मी बादलीत भरून परत झाडांखाली सोडतो. मला वाटायचं, वाट चुकले बिचारे."

"चार वर्षं?"

"एक सकाळ चुकवली नाही मी," तो पुटपुटला.

वर्नाला तो झारा त्याच्याच टाळक्यात घालावासा वाटला. आणि त्याला घट्ट मिठीही मारावीशी वाटली. बहिणीला तोंड न दाखवणारा हा माणूस बोटभर जिवांसाठी रोज बादली घेऊन हिंडत होता!

"गाढवा," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

त्याच दुपारी दोघांनी सगळे पत्रे उपटले. दोघांच्याही कंबरा धरल्या. डेल्मरने बर्फावर गरम पाक ओतून चिवट गोळीसारखा थिजवला, आणि ताईला लहानपणापासून आवडायची तशी आंबट काकडी सोबत दिली. ती चिकट बोटं चाटत बसली.

त्या आठवड्यात पाऊस झाला, आणि त्याच रात्री डेल्मरकडचे नर तळ्यात उतरले. एप्रिलअखेर तळ्यातल्या अंड्यांत इवले काळे जीव वळवळू लागले. वर्ना चिखलातच नाचली. डेल्मर गुडघ्यांवर बसून बघत होता.

"माझ्या गड्यांवर गेलंय का गं एखादं?"

"एकही नाही. सगळ्या आईवर."

"म्हणजे एवढे हेलपाटे घालून आमचं नावसुद्धा नाही?"

"नावाचं काय घेऊन बसलास?" वर्ना म्हणाली. "तू येत जा म्हणजे झालं."