चतुराबाईंचा त्रिकोण

"दोन्ही कोन सारखेच दिसायलेत की, बाई," धुरपता म्हणाली.

"दिसायलेत म्हणून मानायचं का? सिद्ध कर," चतुराबाई म्हणाल्या.

धुरपतानं फळ्यावरच्या समद्विभुज त्रिकोणाचा वरचा कोन दुभागणारी रेघ थेट पायापर्यंत ओढली. ही बाजू त्या बाजूएवढी, मधली रेघ दोन्हीकडं तीच, वरचे कोन सारखे. म्हणून दोन्ही तुकडे एकरूप, म्हणून पायाजवळचे कोनही समान. ती स्वतःच चकित झाली.

"बाई, म्या म्हनलं म्हणून न्हाई, हे हायच तसं!"

साल सेहेचाळीसचं, संस्थानी अंमलातलं. झरी गावातली सरकारी शाळा उर्दूतून चाले, तीही फक्त मुलांसाठी. वऱ्हाडात मामाकडे मॅट्रिक झालेल्या विधवा चतुराबाई आपल्या अंगणात पाच-सहा मुलींना मराठीतून शिकवत.

तेवढ्यात पोलीस पाटील आबासाहेब एका पोलीस जवानाला घेऊन आत आले आणि बाजेवर बसले.

"बाई, शाळेची इजाजत हाय का?"

"मागितली होती. मिळाली न्हाई."

"सरकारच्या विरुद्ध असलेले लोक असेच घरात माणसं जमवायलेत. तुमीबी जमवता. म्हंजे तुमी त्यांच्यातल्याच."

"चौरसाला चार बाजू असतात, आबासाहेब. तुमच्या बुडाखालच्या बाजंलाबी चार हाईत. ती चौरस झाली का?"

मुली हसल्या. आबासाहेबांचा चेहरा उतरला. जवानानं फळा उचलला आणि बाईंना चावडीवर नेलं.

तिथं मुचलका तयार होता. बेकायदा शाळा चालवली, यापुढं शिकवणार नाही.

"सही करा अन् घरी जावा. म्या तुमच्या भल्याचं सांगायलोय," आबासाहेब हलक्या आवाजात म्हणाले.

"शिकवलं, हे खरं हाय. ते लिहून देते. शिकवणार न्हाई, हे खोटं. खोट्याखाली माझी सही न्हाई."

त्यांना परभणीच्या तुरुंगात धाडलं. बऱ्याच दिवसांनी सुटून आल्या, तर घराला सरकारी कुलूप. गल्लीत धुरपताची आई बायनाबाई वाट अडवून उभी होती.

"तुमच्यापायी पोरीची सोयरीक मोडली, बाई. असली शिकलेली नको म्हनले."

चतुराबाईंची तुरुंगात ताठ राहिलेली मान खाली गेली.

"आता खाली काय बघायलाव?" बायनाबाईनं मागं उभ्या धुरपताला पुढं ढकललं. "मोडायची ती मोडली. आता तिला पुरतं तरी शिकवा."

चतुराबाईंनी कुलपाकडं एकदा पाहिलं. मग पदर खोचून त्या भर गल्लीत बसल्या, हातानं धूळ सारखी केली. एकेक करून मुली आल्या. सगळ्या नाही आल्या.

"आज वर्तुळ," त्या म्हणाल्या आणि काडीनं आखू लागल्या.

समोरून कापसाची गाडी आली. गाडीवानानं कासरा ओढला. बाईंची रेघ फिरून जिथून निघाली तिथं टेकेपर्यंत तो बैलांच्या पाठीवर हात ठेवून थांबला.